मागून आणलेलं विरजण

नारपोली, १२ मार्च २०२५

दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते दोनदा उलटंपालटं करशील, हे मला माहीत आहे. उघड. फोन केला नाही, कारण फोनवर तू "बोल गं बाय" म्हणतोस आणि मी पुन्हा सहावीतली होते, मग बोलायचं ते राहून जातं. अंगणवाडीत अठरा वर्षं रजिस्टरं आणि अहवाल लिहिलेत, तेव्हा हे मला जमेल.

कामाचं आधी लिहिते. मला तुझी शी हवी आहे.

हसू नकोस, आणि चंद्रावहिनीलाही हसू देऊ नकोस. माझं इंजेक्शन लागू पडलेलं नाही. ऑपरेशनात आतड्यातली मोठी गाठ काढली, पण लिव्हरवर चार ठिपके राहिले होते. त्यांच्यासाठी नोव्हेंबरपासून दर तीन आठवड्यांनी मुंबईच्या हॉस्पिटलात जाऊन सलाईनमधून औषध घेते. फेब्रुवारीच्या स्कॅनमध्ये चारही ठिपके वाढलेले निघाले. औषध तेच, ज्याने तू बरा झालास.

डॉक्टरबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. कॅन्सरशी लढणाऱ्या पेशी आपल्या रक्तात असतातच, पण कॅन्सर त्यांना दाबून ठेवतो. इंजेक्शन तो दाब काढतं. पण दाब काढला तरी त्या पेशी मुळात तयार पाहिजेत, आणि त्यांना तयार करण्यात आपल्या आतड्यातल्या जंतूंचा मोठा हात असतो, असं आता दिसायला लागलंय. काही जातींचे जंतू ज्यांच्या पोटात भरपूर, त्यांना हे औषध जास्त लागू पडतं. ज्यांच्या पोटातले मेलेत, त्यांना कमी. हे अजून पक्कं नाही, म्हणून ट्रायल चालू आहे. ज्याला औषध लागू पडलं त्या माणसाची शी घ्यायची, तपासायची, गाळायची आणि त्यातले जिवंत जंतू माझ्यासारखीच्या आतड्यात सोडायचे.

मी म्हटलं, "म्हणजे शेजारून विरजण मागून आणतात तसं."

त्या म्हणाल्या, "तसंच. पण ज्या घरचं दही चांगलं लागतं त्याच घरचं आणायला पाहिजे."

त्यांच्याकडे सध्या देणारा कोणी नाही. दहा जण तपासले तर एखादा पास होतो. मग त्यांनी विचारलं, तुमच्या नात्यात हा आजार होऊन बरं झालेलं कोणी आहे का? मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग तुझं नाव सांगितलं.

त्यांनी असंही विचारलं, की मधल्या काळात कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं का, कारण त्याने हे जंतू मरतात. मी नाही म्हटलं.

आता जे तुला माहीत आहे तेच लिहिते, कारण ते आपल्या घरात कोणी कधी तोंडातून काढलेलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये तुझं ऑपरेशन झालं. मूळव्याध, असं तू सांगितलंस. मी तोंडाला मास्क बांधून दिघाशीला आले होते, तुला तिखट चालणार नाही म्हणून बिनतिखटाचं मुगाचं वरण आणि मऊ भात घेऊन. तू खाटेवर पडून म्हणालास, "काय न्हाय गं, बसायची जागा दुखते." मी हसले होते. तुझ्या आतड्याचा वीतभर तुकडा काढलेला होता आणि मी हसत होते.

तिथल्या डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं की हा कॅन्सर रक्तातून, आईबापाकडून येतो. बाबा त्यानेच गेले असणार. बहिणीला, मुलीला सांगा, दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला लावा. हे मला कळलं गेल्या ऑगस्टमध्ये. माझा रिपोर्ट आला, माझ्याच डॉक्टरांनी "भावाला तपासायला सांगा" म्हटलं, म्हणून मी घाबरून वहिनीला फोन केला. मला तुझी काळजी वाटत होती. वहिनी म्हणाली, "यांचं झालं गं, साडेतीन वर्षां झाली."

साडेतीन वर्षांपूर्वी माझ्या आतड्यात, डॉक्टर म्हणतात, वाटाण्याएवढा कोंब असेल. दुर्बिणीतून पाच मिनिटांत काढून टाकला असता.

तुला औषध लागू पडलं, याचं मला वाईट वाटतं असं लिहिणार होते. लिहीत नाही.

वहिनीकडून निरोप दे. तू स्वतः फोन करू नकोस.

सुकन्या


नारपोली, ५ एप्रिल २०२५

दादा,

वहिनीचा फोन आला. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते, म्हणजे तू नंतर "मी असं म्हटलं नव्हतं" म्हणायला नको.

"हे तयार हायत. लागेल तितक्या वेळा येतील. पन क्षितिजाला कळता कामा न्हाय. तिच्या सासरी तर अजिबात न्हाय. तू शपथ घे, मंग येतील."

मी विचारलं, "वहिनी, ती तुझीच पोरगी ना?"

ती म्हणाली, "म्हनूनच."

तुम्ही दोघांनी तिचं लग्न लावलंत २०२२ च्या मे महिन्यात. कोन गावचं चांगलं घर, रस्त्यालगत जागा, नवरा शिकलेला. घराण्यात रोग आहे हे कळलं असतं तर त्यांनी नारळ परत केला असता, असं तुला वाटलं. मला हे समजत नाही असं नाही. आपल्याकडे मुलीच्या मामाच्या पायाला कोड असलं तरी पाहुणे चहा न पिता उठतात. पण लग्नाला तीन वर्षं होत आली. आता कोणता नारळ परत यायचा राहिलाय?

ती पंचवीस वर्षांची आहे. तुझ्यातलं ते तिच्यात उतरलं असण्याची शक्यता अर्धी. डॉक्टरबाई म्हणतात अशा घरातल्या मुलांनी वीस-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी तपासणी करायची, मग भीती नाही. भीती आहे ती न सांगण्यात.

हे सगळं मी वहिनीला फोनवर सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "तू शपथ घेतेस की न्हाय तेवढं सांग."

विपुल बाजूलाच बसला होता. हातातली बॉबिन टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत होता. त्याने गेले सात महिने पॉवरलूमवरची एकही रात्रपाळी घेतलेली नाही, बायकोला सोबत म्हणून. त्याच्याकडे बघून मी हो म्हटलं.

मी शपथ घेतली, दादा. भाचीच्या पोटावर शपथ घेऊन स्वतःच्या पोटासाठी तुझ्याकडे हात पसरला. हे मी तुला लिहितेय, म्हणजे तुला असं वाटू नये की लाज फक्त तुझ्याच वाट्याला आली.

बुधवारी सकाळी नऊला, दुसऱ्या मजल्यावर. उपाशी येऊ नकोस, रक्त खूप घेतात.

सुकन्या


नारपोली, २ मे २०२५

दादा,

तू पास झालास. डॉक्टरबाईंचा फोन आला. बारा जणांत तू एकटा. शाळेत कधी झाला नाहीस ते इथे झालास, असं विपुल म्हणाला. मी हसले नाही, पण लिहितेय.

त्या दिवशी हॉस्पिटलात तू मला बघून उठून उभा राहिलास. माझे केस, माझं वजन, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं वाटतं. तुझ्या मांडीवर तो पांढरा प्लास्टिकचा डबा होता, झाकणावर नाव लिहिलेला, आणि तू तो रुमालाने झाकून धरला होतास, जणू चोरीचा माल. गावात पन्नास माणसांची पंगत वाढणारा तू. नर्स सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, सॅम्पल झालं का?" आणि तुझे कान लाल झाले.

मग कॅन्टीनमध्ये आपण बसलो. चहा निवला तरी तू प्यायला नाहीस.

तू म्हणालास, "मला वाटलं, तुला न्हाय व्हनार. तू बाईमानूस, शुद्ध खातेस, उपास करतेस."

मी म्हटलं, "हे रक्तातून येतं. उपासाने जात नाही."

तू म्हणालास, "बाबांच्या वक्ताला कोन बोललं व्हतं रक्तातून? करनी केली म्हनाले. लोकांला सांगितलं तर लोक कायतरी तिसरंच करतात. म्हनून गप बसलो."

त्या करणीवरून मी काल दिघाशीला जाऊन आले. तुझ्या घरी आले नाही. पुतळाबाई काकूकडे गेले. बाबा गेले तेव्हा मी दहा वर्षांची आणि तू पंधराचा. बाबांचं पोट फुगलं, संडासातून रक्त जाऊ लागलं, आणि भगताने काकूच्या दाराकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून आपण तिच्याशी बोललो नाही. तुझ्या हातात दगड होता तो मी पाहिला होता. तू मारला नाहीस, पण हातात होता.

काकू आता पार वाकलीय. मी ओट्यावर बसले आणि तिला सांगितलं, की बाबांना जे झालं ते रक्तातलं होतं, मलाही तेच झालंय, तपासणीत निघालंय, तुमचा काही संबंध नव्हता. तिने तांदूळ निवडणं थांबवलं नाही. मग म्हणाली, "माझ्या तुळजाला कुनी मागनी घातली न्हाय त्या नावापायी. तशीच गेली ती. आता तू येऊन सांगतेस रक्तात व्हतं." मी पाया पडायला वाकले तर तिने पाय मागे घेतले.

मला वाटलं होतं ती रडेल, मला जवळ घेईल. नाही घेतलं. का घेईल?

आता दुसरी गोष्ट. ती मी विपुललाही सांगितलेली नाही.

जानेवारीत माझी दाढ सुजली होती. हॉस्पिटलात फोन करून विचारायला हवं होतं. त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं, न विचारता कुठलंही औषध घेऊ नका. पण फोन केला की ते बोलावणार, विपुलचा दिवस मोडणार, इंजेक्शन पुढे ढकलणार. म्हणून मी कोपऱ्यावरच्या सावळारामच्या मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलं. तो म्हणाला, "स्ट्राँगवाला देतो ताई, पाच दिवसांत बसेल." पाच दिवसांत बसलं. पंधरा दिवसांनी पुन्हा दुखलं, पुन्हा पाच दिवस. ज्या दिवसांत माझं इंजेक्शन काम करायला हवं होतं नेमके तेच दिवस.

डॉक्टरबाईंनी विचारल्यावर मी नाही म्हटलं, हे तुला पहिल्याच पत्रात लिहिलंय. मी अंगणवाडीत आयांना सांगते, पोराला स्वतःच्या मनाने गोळी देऊ नका. मला कसं म्हणता आलं असतं?

ट्रायलच्या फॉर्मवर तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळी खरं लिहिलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, त्यामुळेच औषध चाललं नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण त्यामुळे नाही असंही नाही.

म्हणजे सगळं तुझ्यावर ढकलायला मला आता मोकळीक राहिली नाही. हे मला तुझ्या खोटं बोलण्यापेक्षा जास्त झोंबतं.

पहिल्यांदा जंतू दुर्बिणीतून सोडणार, सोळा तारखेला. मग दर आठवड्याला कॅप्सूल. तुला पंधरा दिवसांतून एकदा यावं लागेल.

सुकन्या


नारपोली, १८ जुलै २०२५

दादा,

थोडक्यात लिहिते, हात दुखतो.

नऊ आठवडे तुझ्या कॅप्सूल घेतेय. दिसायला साध्याच असतात, वास नाही, चव नाही. पहिल्या आठवड्यात पोट गुडगुडलं, ताप आला, मग उतरला. इंजेक्शन सोबत चालूच आहे.

काल स्कॅनचा रिपोर्ट आला. चारपैकी दोन ठिपके निम्म्याने लहान झालेत. एक दिसतच नाही. एक आहे तेवढाच आहे.

विपुल हॉस्पिटलच्या पायरीवर खाली बसला आणि तोंडावर टॉवेल धरून रडला. मी त्याच्या शेजारी उभी होते. मला रडू आलं नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, हे कॅप्सूलने झालं की औषध उशिरा लागू पडलं की दाढेच्या गोळ्यांचा परिणाम ओसरला, हे एका माणसावरून सांगता येत नाही. त्यासाठी शंभर माणसं लागतील, कितीतरी वर्षं लागतील. मला ते ऐकून बरं वाटलं. तुझे उपकार किती मानायचे हे कोणीच सांगू शकत नाही.

वहिनी म्हणाली, तू गावात गणपतीसाठी मंडप घालायला पुढे आहेस. छान. तू ठणठणीत आहेस, तुझ्या पोटात जे आहे ते लोकांना जगवतंय. मग क्षितिजाला सांगायला तुझं तोंड का उघडत नाही? संडास डब्यात घालून मुंबईला नेताना तुझी लाज गेली. बोलताना येते.

शपथ मी पाळतेय. अजून.

सुकन्या


नारपोली, ९ सप्टेंबर २०२५

दादा,

मी शपथ मोडली. तुझ्यापर्यंत ते आधीच पोचलंय, तरी माझ्याकडूनही ऐक.

गौरीला मी कोनला क्षितिजाच्या घरी गेले होते. तिच्या सासूने, मैनाबाईंनी, बोलावलं होतं, मला बरं वाटतंय म्हणून. त्यांना माझ्या आजाराचं "पोटाची गाठ" एवढंच माहीत. क्षितिजा मोतिया रंगाची साडी नेसून वाढत होती. मला ती बारीक वाटली. स्वयंपाकघरात तिला विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं आत्या, मूळव्याध आहे. थोडं रक्त जातं. सावकाश बरं होईल, डॉक्टरने मलम दिलंय."

मी विचारलं, "किती दिवस?"

"होळीपासून असेल."

"दुर्बिणीने बघितलं का कोणी?"

ती हसली. "मूळव्याधीला कोण दुर्बीण लावतं?"

माझ्या हातात पुरणपोळीची परात होती. ती मी ओट्यावर ठेवली. हा शब्द मी आपल्या घरात दुसऱ्यांदा ऐकत होते. तुझ्याकडून ऐकला तेव्हा ते खोटं होतं. तिला तर ते खरंच वाटत होतं.

मी दार लावून घेतलं आणि तिला सगळं सांगितलं. बाबांचं, तुझं, माझं. तुझ्या ऑपरेशनचं, इंजेक्शनचं, हॉस्पिटलच्या डब्याचंही. गॅसवर दूध उतू गेलं तेव्हा तिने उठून तो बंद केला. मग म्हणाली, "पप्पांना सांगू नकोस, तू मला सांगितलंस म्हणून." बघ, तीसुद्धा आपल्याच घरातली. मी म्हटलं, "सांगणार आहे. लपवणं पुरे झालं."

संध्याकाळी तिचा नवरा भूपेश घरी आल्यावर तिने मला त्याच्यासमोर पुन्हा सगळं बोलायला लावलं. तो ऐकत होता, नखं कुरतडत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "अपॉइंटमेंट कधीची घेऊ?"

तुझ्याकडून आता कॅप्सूल येणार नाहीत, हे मला कळतं. वहिनीने तसा निरोप दिलाय: "यांनी सांगितलंय, शपथ मोडली, आता डबा न्हाय." हॉस्पिटलात डॉक्टरबाईंना विचारलं. देणाऱ्याला कधीही थांबायचा हक्क आहे, त्याला कोणी विचारू शकत नाही, असं त्या म्हणाल्या. साठवलेल्या कॅप्सूल अजून तीन आठवडे पुरतील.

मी तुला पुन्हा मागणार नाही. हे रागाने लिहीत नाही. मागितलं की त्यावर तू काहीतरी मागशील, आणि माझ्याजवळ आता द्यायला शपथ उरलेली नाही.

सुकन्या


नारपोली, २३ नोव्हेंबर २०२५

दादा,

क्षितिजाची बातमी तुला भूपेशकडून कळलीच असेल, तरी लिहिते, कारण तू दोन्ही वेळा हॉस्पिटलात आला नाहीस.

दुर्बिणीत तीन कोंब निघाले. दोन साधे होते, तिथेच काढले. तिसरा बदललेला होता. कॅन्सर होता, पण आतड्याच्या भिंतीतून बाहेर गेला नव्हता. ऑक्टोबरच्या चौदाला ऑपरेशन झालं. आजूबाजूच्या ग्रंथींपर्यंत पसरलेला नाही. इंजेक्शन लागणार नाही, दरवर्षी तपासणी लागेल. होळीपासून रक्त जात होतं. अजून एक होळी गेली असती तर ती माझ्या जागी असती.

तू ज्याला भीत होतास त्याबद्दलही लिहिते. भूपेश अकरा दिवस हॉस्पिटलात खुर्चीवर झोपला. मैनाबाई पहिल्या दिवशी कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंत तर आम्हीच तपासून घेतली असती." खरं असेल किंवा नसेल. तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, हे आता त्यांनाही कळायचं नाही. गावात कोणी काय बोललं असेल ते माझ्यापर्यंत आलेलं नाही. मुलगी परत पाठवलेली नाही एवढं खरं.

माझंही स्कॅन झालं. ठिपके आहेत तेवढेच आहेत. कॅप्सूल संपून दोन महिने होत आले. डॉक्टरबाई म्हणतात, आत गेलेले जंतू कधी कधी टिकतात, घर करतात, कधी नाही. पुढचं फेब्रुवारीत बघू. त्यांना दुसरा एक देणारा मिळालाय, डोंबिवलीचा, माझं नाव यादीत आहे.

हे पत्र मात्र त्यासाठी नाही.

दिवाळीनंतर क्षितिजा माझ्याकडे आली होती, एकटी. अजून हळू चालते. विपुल कामावर होता. मी तिला पेज केली. ती चमच्याने ढवळत बसली, खाल्ली नाही. मग तिने विचारलं, "आत्या, आपल्या घरात हे आहे, हे तुला कधीपासून माहीत होतं?"

मला सांगता आलं असतं, एप्रिलपासून, शपथ घातली होती, तुझ्या आईने घातली, मी मरणाच्या दारात होते. हे सगळं खरंच आहे. पण ते खोटंही आहे. शपथ एप्रिलमधली. मला गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून माहीत होतं. त्या ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत मला कोणी अडवलं नव्हतं. मी तुझ्यावर चिडले होते, दिवसरात्र चिडले होते, तू मला काय केलंस हेच घोकत होते. फोन उचलून क्षितिजाला सांगावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं असेल तर वाटलं असेल, तो सांगेल, त्याचं काम आहे. एप्रिलमध्ये वहिनीने शपथ घातली तेव्हा मला, खरं सांगते, थोडं सुटल्यासारखं वाटलं होतं.

मी तिला सांगितलं, "तेरा महिने."

तिने चमचा खाली ठेवला. रडली नाही, आवाज चढवला नाही. म्हणाली, "पप्पांनी साडेचार वर्षं, तू तेरा महिने." मग चप्पल घातली. दारात मी म्हटलं, "क्षिते, थांब, पेज तरी खा." ती म्हणाली, "मी फोन करेन." केलेला नाही. बावीस दिवस झाले.

मी कोनला जाऊन आले. मैनाबाई म्हणाल्या, ती झोपलीय. आतून टीव्हीचा आवाज येत होता.

दादा, मला तुझ्याकडून माझ्यासाठी काही नको. भूपेश म्हणत होता, ती दिघाशीला येण्याचं बोलतेय, तुला तोंडावर विचारणार आहे. आली तर मूळव्याध म्हणू नकोस, करणी म्हणू नकोस, तिच्या लग्नासाठी केलं असं तर मुळीच म्हणू नकोस. वहिनीला आत पाठव, स्वतः समोर बस, आणि ती जे विचारेल त्याचं उत्तर दे. माझ्याबद्दल विचारलं तर त्याचंही दे.

सुकन्या